मुलांच्या स्क्रीनमधल्या जगात पालकांनी शिरायचं कसं?

उंबरठा (धागाकर्ती)

घरात दोन मुलं, वय ९ आणि १४. धाकटी माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम) खेळते आणि त्याचेच व्हिडिओ यूट्यूबवर बघते. थोरला संगणकावर व्हॅलोरंट (टीमने खेळायचा नेमबाजीचा गेम), बाकी वेळ डिस्कॉर्ड (गेम खेळणाऱ्यांचं गप्पांचं अॅप) आणि इन्स्टाग्राम. अभ्यास ठीक, तब्येत ठीक, दोघांनाही मित्रमैत्रिणी आहेत.

वेळेचा प्रश्न आहेच, पण मला त्याहून जास्त लागतं ते बोलणं आटल्याचं. 'काय चाललंय?' 'काही नाही.' 'कसा गेला दिवस?' 'ठीक.' यापुढे गाडी सरकत नाही. तीच मुलं हेडफोन लावून मित्रांशी तासभर भरभरून बोलतात, म्हणजे बोलायला काही नाही असं नाही.

नेमकं विचारायचंय ते असं: त्यांच्या खेळात किंवा व्हिडिओत पालकांनी सामील व्हायचं तर सुरुवात कशी करायची, आणि मुलांना ती घुसखोरी वाटू नये म्हणून काय टाळायचं? 'बंद कर' म्हटल्यावर रोज होणारी आदळआपट कशामुळे होते? आणि फोनमधली पालक-नियंत्रणं वापरायची असतील तर ती कुठे कमी पडतात?

वाय-फाय बंद करा, फोन कपाटात ठेवा, हे सल्ले वाचून झाले आहेत. ते सोडून सांगा.

---

निळी शाई

क्रम बरोबर लावलात. आधी बोलणं, मग वेळ. बऱ्याच घरांत उलटं होतं: वेळेवरून रोज खटके उडतात आणि त्या खटक्यांनीच बोलणं संपतं.

सुरुवात खुर्चीपासून करा. मुलाच्या शेजारी एक खुर्ची कायमची ठेवून द्या. पाठीमागे उभं राहिलं की ती पाळत होते, समोर बसलं की चौकशी होते. शेजारी बसल्यावर दोघांची नजर एकाच गोष्टीवर असते, आणि डोळ्याला डोळा न भिडवता बोलणं मुलांना, विशेषतः तेरा-चौदाच्या मुलांना, फार सोपं जातं. आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं पुरेत. त्या २० मिनिटांत अभ्यास, आवराआवर आणि 'किती वेळ झाला' हे विषय वर्ज्य. स्वतःचा फोन दुसऱ्या खोलीत.

पहिल्या दोन-तीन वेळा काहीच घडणार नाही. मूल तिरप्या नजरेने बघेल, कारण मोठं माणूस जवळ आलं की पाठोपाठ 'आता पुरे' येतं हे त्याला पाठ झालेलं असतं. म्हणून पहिल्या वेळी उठताना बंद करायला सांगू नका, नुसतं उठून जा. 'मजा आली' असंही आली नसेल तर म्हणू नका. मुलांना खोटं लगेच कळतं. 'तो पूल पाण्यावर कसा उभा राहिला ते कळलं नाही मला, उद्या दाखवशील?' असं काहीतरी खरं विचारा आणि दुसऱ्या दिवशी ते लक्षात ठेवून परत विचारा. विश्वास बसतो तो या परत विचारण्याने.

प्रश्नांचं म्हणाल तर 'काय खेळतेस?' किंवा 'जिंकलास का?' यांना एका शब्दाचं उत्तर असतं, म्हणून तेवढंच मिळतं. ज्याचं उत्तर देताना मुलाला स्वतःची निवड समजावून सांगावी लागते तो प्रश्न चालतो. 'सरळ न जाता वळसा घालून का गेलास?' 'ही वस्तू पेटीत का ठेवली, बरोबर का नाही घेतली?' एका बैठकीत असे दोन प्रश्न खूप झाले. पाचवा प्रश्न आला की परत चौकशी सुरू.

धाकटीबरोबर तर सरळ आत शिरा. दोघींकडे गेम हवा आणि तो एकाच जातीचा हवा. जावा आणि बेडरॉक अशा दोन जाती आहेत, त्या आपसात जुळत नाहीत, आणि इथेच पहिला तासभर वाया जातो. तो जुळला आणि दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर असली की तिच्या जगात तुम्हाला जाता येतं. कन्सोल असेल तर एकाच टीव्हीवर पडदा विभागून खेळता येतं. पहिल्या दिवशी काठिण्य 'पीसफुल' ठेवायला तिलाच सांगा, म्हणजे राक्षस येत नाहीत आणि तुम्हाला चालायला तरी शिकता येतं.

मग तिला शिकवू द्या. झाडाच्या एका ओंडक्याच्या ४ फळ्या होतात, ४ फळ्यांचं कामाचं टेबल, ३ फळ्या आणि २ काठ्यांची कुदळ. बिछान्याला ३ फळ्या आणि एकाच रंगाच्या ३ लोकरी लागतात. तुम्ही लोकरीसाठी मेंढी मारायला जाल. ती ओरडेल, 'आई, मारू नको, कात्री वापर!' मेंढी मारली तर एकच लोकर मिळते. कात्रीने कातरली तर १ ते ३ मिळतात, मेंढी जिवंत राहते आणि गवत खाल्लं की तिची लोकर परत उगवते. हे सगळं ती न विचारता सांगेल. दिवसभर जिला सगळे शिकवत असतात तिला कुणाला तरी शिकवायला मिळालं की तोंड आपोआप उघडतं, आणि मग मेंढीवरून गोष्ट शाळेतल्या मैत्रिणीवर कधी गेली ते दोघींनाही कळत नाही.

इथे तीन गोष्टींनी बिघडतं. पहिली, पालकाने सूत्रं हातात घेणं: 'घर असं बांध, खिडकी इकडे कर.' दुसरी, खेळातून अभ्यास काढणं: 'चल, आता याचं क्षेत्रफळ सांग.' त्या वाक्यासरशी तिचा खेळ तुमचा होतो. तिसरी मोठ्यांना क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त दुखावते ती तीच: न विचारता तिच्या पेटीतली वस्तू घेणं किंवा तिने बांधलेलं तोडणं. खऱ्या कपाटाला हात लावण्याआधी विचाराल, तसंच तिथेही विचारा.

यूट्यूबवर दिवसातून एक व्हिडिओ तिच्या पसंतीचा, पूर्ण, तिच्याबरोबर. संपल्यावर 'हे खरंच २४ तासांत बांधलं असेल का? मधलं कापलं असेल तर कुठे कापलं असेल?' असं शोधायला लावा. मुलांना हा खेळ आवडतो आणि चित्रफीत रचलेली असते हे उपदेशाशिवाय कळतं. नको ते व्हिडिओ सुचवले जात असतील तर इतिहासात जाऊन त्याला कारण ठरलेला व्हिडिओ काढून टाका, कारण सुचवण्या बऱ्याच अंशी बघितल्याच्या इतिहासावरून येतात. हे तिच्या देखत करा आणि कसं करायचं तेही दाखवा.

---

मोजपट्टी

आदळआपटीबद्दल लिहितो. तिचं मुख्य कारण म्हणजे आपण मिनिटांत मोजतो आणि खेळ मिनिटांत चालत नाही.

व्हॅलोरंट घ्या. पाच विरुद्ध पाच, आधी १३ राउंड जिंकेल ती टीम विजयी. पूर्ण मॅच ३० ते ४५ मिनिटं चालते. ती मध्ये थांबवता येत नाही. मुलगा मध्येच उठला तर उरलेले चौघं पाच जणांविरुद्ध लढतात, त्याच्यावर सोडून गेल्याची नोंद होते, पुढची मॅच काही काळ खेळता येत नाही आणि रँकच्या मॅचमध्ये गुणही कापले जातात. 'नऊ वाजले, बंद' म्हणजे त्याच्या कानाला 'चार मित्रांना तोंडघशी पाड' असं ऐकू येतं. तो चिडतो त्यातला बराच भाग या शरमेचा असतो.

म्हणून नियम शेवटाचा करू नका, सुरुवातीचा करा. 'नऊला बंद' ऐवजी 'सव्वाआठनंतर नवी पूर्ण मॅच नाही.' सव्वाआठ ते नऊ मध्ये वेळ उरलाच तर स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार आहे, त्यात ५ राउंड जिंकले की संपतं, साधारण १५ मिनिटं.

आणि आकडा वाचायला शिका. वरच्या बाजूला दोन्ही टीमचे गुण असतात. ९–७ दिसलं तर लवकरात लवकर ४ राउंड बाकी. एक राउंड खरेदीच्या ३० सेकंदांसह दीड-दोन मिनिटांची धरा, म्हणजे किमान ६ ते ८ मिनिटं, ताणली तर १५-१६. १२–१२ झालं तर जादा राउंड. खोलीत जाऊन 'अजून किती?' विचारण्याऐवजी 'नऊ-सात, म्हणजे पंधरा मिनिटं धरू ना?' असं म्हणा. मुलगा मान वळवून तुमच्याकडे बघेल. त्याच्या भाषेतलं एक वाक्य तुम्हाला येतं हे त्याला कळलेलं असतं.

हाक मारली तरी ओ देत नाही याचंही कारण आहे. त्या खेळात शत्रूच्या पावलांचा आवाज कुठून येतो यावर जगणं-मरणं ठरतं, त्यामुळे त्याचे कान तिथे असतात. बाहेरून हाका मारू नका, त्याला दिसेल असं बाजूला उभं राहा आणि थांबा. तो राउंडमध्ये मेला की ती राउंड संपेपर्यंत त्याला स्वतःला खेळायचं नसतं, तो इतरांचं बघत बसतो. ते मिनिट तुमचं. सांगायचं ते तेव्हा सांगा, एका वाक्यात.

माइनक्राफ्टमध्ये एक अख्खा दिवस म्हणजे घड्याळाची २० मिनिटं. धाकटीला 'पाच मिनिटांत बंद' म्हणू नका. 'हा दिवस पूर्ण कर, घरी ये, सामान पेटीत ठेव, बिछान्यात झोप आणि बंद कर' असं सांगा. बिछान्यात झोपली की पुन्हा जन्म तिथेच होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी. दरीच्या काठावर उभं असताना बंद करायला लावलं तर ती रात्रभर मनाने त्या दरीतच असते.

रील आणि शॉर्ट्स यांना मात्र ना मॅच असते ना दिवस. खाली सरकवत राहिलं की संपतच नाही अशी रचना आझा रास्किन या डिझायनरनी २००६ मध्ये केली आणि नंतर तिच्या परिणामांबद्दल स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. तिथे नैसर्गिक थांबा नाही, म्हणून तिथे घड्याळच लावावं लागतं. खेळाला मॅचचा हिशेब आणि रीलला मिनिटांचा, असे दोन वेगळे हिशेब ठेवा. 'स्क्रीन' म्हणून सगळं एका पोत्यात घातलं की मुलाला ते अन्यायाचं वाटतं, आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

नियम ठरवायचा तो भांडणाच्या वेळी नाही. सुट्टीच्या सकाळी, पोट भरलेलं असताना. पहिला मसुदा मुलाने लिहायचा, तुम्ही त्यात बदल सुचवायचे. मुदत दोन आठवडे आणि फेरविचाराची तारीख कागदावर. मोडला तर काय हेही त्यातच: उशिरा मॅच सुरू केली तर दुसऱ्या दिवशी एक मॅच कमी, तेवढंच. महिनाभर गेम बंद अशी शिक्षा केली की मुलाकडे गमवायला काही उरत नाही आणि तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही.

हरल्यानंतर दहा मिनिटं कुठलाच विषय काढू नका. पाणी पिऊ दे, हिंडू दे.

---

पायवाट

वरचं वाचून एक शंका. पालक शेजारी बसायला लागले म्हणजे मुलाला वाटेल याला आता घरातूनच मान्यता आहे, आणि वेळ आणखी वाढेल. व्यसनाच्या बाबतीत इतकं कलाने घेऊन चालतं का?

---

निळी शाई

@पायवाट, व्यसन हा शब्द जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात तीन खुणा दिल्या आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणं, खेळ बाकी सगळ्या आवडींच्या आणि रोजच्या कामांच्या वर जाऊन बसणं, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं किंवा वाढवणं. हे सगळं साधारण १२ महिने दिसावं लागतं आणि घर, शाळा, मैत्री यांत ठळक पडझड व्हावी लागते. लक्षणं तीव्र असली तर त्याआधीही निदान होऊ शकतं. धागाकर्तीने वर्णन केलेली मुलं शाळेत ठीक आहेत, मित्र आहेत. तिथे हा शब्द मुलाच्या तोंडावर वापरला की तो दार लावून घेतो. झोप सतत मोडते आहे, आंघोळ-जेवण सुटतंय, आधी आवडणारं सगळं गळून पडलंय असं असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावं. खुर्ची त्याला पुरणार नाही.

मान्यतेबद्दल: शेजारी बसणं म्हणजे मर्यादा सोडणं नाही. मोजपट्टींनी लिहिलेला नियम तसाच राहतो. फरक इतकाच की नियम सांगणाऱ्या माणसाला खेळ कळतो, त्यामुळे नियम खेळाला धरून असतो आणि मुलाला तो पाळता येतो.

---

कुलूपकिल्ली

नियंत्रणांबद्दल. कुठलं साधन कुठे चालतं यातच निम्मे पालक फसतात.

गूगलचं फॅमिली लिंक अँड्रॉइड आणि क्रोमबुकवर चालतं. आयफोन-आयपॅडला अॅपलचं स्क्रीन टाइम. तुमचा थोरला व्हॅलोरंट विंडोज संगणकावर खेळत असणार, तिथे या दोन्हींचा उपयोग शून्य. तिथे मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी लागतं, आणि त्यासाठी मुलाचं वेगळं मायक्रोसॉफ्ट खातं हवं. घरातल्या सगळ्यांचं एकच अॅडमिनिस्ट्रेटर खातं असेल तर लावलेली मर्यादा तो दोन मिनिटांत काढेल.

आपोआप बंद होण्याची वेळ ठरलेल्या वेळेवर लावू नका, तासभर पुढे लावा. नऊला थांबायचं ठरलं असेल तर यंत्राची वेळ दहा. ते सुरक्षेचं जाळं आहे. मॅचच्या मध्यात संगणकाने दार आपटलं तर तो राग यंत्रावर निघत नाही, तुमच्यावर निघतो, आणि पळवाट शोधायला सबळ कारण मिळतं.

गळती कुठून होते ते बघा. अॅपवर मर्यादा लावली आणि तीच साइट ब्राउझरमधून उघडली, हे सगळ्यात सामान्य, म्हणून लावल्यावर स्वतः उघडून तपासा. स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडायच्या पासकोडसारखाच ठेवला जातो, तो वेगळा हवा. मर्यादा संपल्यावर आयफोनवर 'आणखी एक मिनिट' असं बटण येतं, ती पळवाट नाही, मुलाला निरोप घेऊ देण्याची सोय आहे. जुना, खणात पडलेला फोन वाय-फायवर चालतोच. आणि टीव्हीवरचं यूट्यूब बहुतेक जण विसरतात.

इन्स्टाग्रामवर सप्टेंबर २०२४ पासून टीन खाती आहेत. १६ वर्षांखालच्या मुलाला त्यातली बंधनं सैल करायला पालकाची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना मिटलेल्या असतात. पण खात्यात जन्मतारीख खोटी घातलेली असेल तर यातलं काही लागू होत नाही, म्हणून पहिली तपासणी त्या तारखेची. व्हॅलोरंटमध्ये दोन सेटिंग जरूर बघा: रक्त दिसणं बंद करता येतं, आणि अनोळखी टीमचा आवाज बंद ठेवून फक्त मित्रांच्या पार्टीचा आवाज सुरू ठेवता येतो. युरोपातल्या पेगी या वयानुसार दिलेल्या मानांकनात हा खेळ १६ वर्षांपासून पुढचा आहे, माइनक्राफ्ट ७. १४ व्या वर्षी खेळू देणं हा तुमचा निर्णय, पण निदान आवाजाचं सेटिंग सोडू नका. शिवीगाळ येते ती तिथूनच.

झोप हा एकच मुद्दा असा आहे जिथे मी घासाघीस करायला नको म्हणेन. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ ला ८ ते १० तास झोप असावी असं अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं आहे. सगळ्यांचे चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, एकाच जागी, आईबाबांचेही. यावर मुलं हमखास म्हणतात 'मग गजर कसा लावू?' साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा, म्हणजे तो मुद्दा उरत नाही.

शेवटी, जे काही लावाल ते मुलाला शेजारी बसवून लावा. लपून लावलेलं ज्या दिवशी सापडतं त्या दिवशी निळी शाईंची खुर्ची रिकामी होते.

---

उंबरठा

सव्वाआठचा नियम आणि राउंडचा हिशेब लिहून घेतला. थोरल्याबद्दल एक राहिलं. त्याच्याबरोबर व्हॅलोरंट खेळणं शक्य नाही, आणि तो डिस्कॉर्डवर कुणाशी बोलतो याची काळजी वाटते. त्याचं चॅट वाचावं का?

---

काठावर

सरसकट वाचू नये. चौदाव्या वर्षी मित्रांशी खाजगी बोलता येणं हा वाढण्याचाच भाग आहे. एकदा वाचलेलं सापडलं की तो बोलणं थांबवत नाही, जागा बदलतो, आणि ती नवी जागा तुम्हाला माहीत नसते.

कधी वाचणार हे मात्र आधीच सांगून ठेवा. मोजक्या प्रसंगी: कुणी त्याला धमकावतंय, कुणी मोठं माणूस जवळीक साधतंय, किंवा तो स्वतःला इजा करून घेईल अशी भीती. आणि तेव्हाही त्याला सांगून, त्याच्यासमोर.

डिस्कॉर्डचं फॅमिली सेंटर २०२३ मध्ये आलं. त्याने कोणाला मित्र केलं, कुठल्या सर्व्हरमध्ये (म्हणजे गप्पांच्या गटात) गेला हे पालकाला दिसतं, मजकूर दिसत नाही. ही पातळी या वयाला बरोबर आहे. शिवाय सर्व्हरमधल्या कुणालाही थेट संदेश पाठवू देणारं सेटिंग बंद करा आणि 'कुणीही मैत्रीची विनंती पाठवू शकतं' हेही. माझ्या मते सगळ्या नियंत्रणांत ही दोन सगळ्यात मोलाची.

धोक्याची चाल बहुतेक वेळा ठरलेली असते, ती त्याला सांगा. खेळात ओळख, मग गेममधलं चलन किंवा एखादी वस्तू भेट, मग 'दुसऱ्या अॅपवर बोलू या', मग 'घरी सांगू नकोस', मग फोटो. यातली दुसरी-तिसरी पायरी दिसली की थांबायचं. आणि फोटोवरून धमकी आलीच तर: पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढायचे, मग ब्लॉक, मग त्या अॅपवर आणि पोलिसांत तक्रार. मुलं हे लपवतात ते बहुतेक एकाच भीतीने, की फोन काढून घेतील. म्हणून आजच, काही घडलेलं नसताना, स्वच्छ शब्दांत सांगा: 'असं काही झालं आणि तू मला सांगितलंस तर मी तुझा फोन काढून घेणार नाही.' आणि वेळ आलीच तर शब्दाला जागा. त्या क्षणी तोंडातून पहिलं वाक्य 'यात तुझी चूक नाही' हेच निघायला हवं, 'तरी सांगत होते' हे नाही.

खेळायची गरजही नाही. व्हॅलोरंटमधली पात्रं चार भूमिकांत वाटलेली आहेत: आधी घुसणारे डुएलिस्ट, वाट मोकळी करून देणारे इनिशिएटर, धूर सोडून नजर अडवणारे कंट्रोलर आणि जागा राखणारे सेंटिनल. 'तू यातला कोण? आणि तोच का?' एवढं विचारा. सेज हे पात्र घेऊन मित्रांना बरं करत फिरणारा मुलगा आणि सगळ्यात आधी दारातून घुसणारा मुलगा यांची उत्तरं वेगळी असतात, आणि दोन्ही उत्तरांत तो स्वतःबद्दल बरंच सांगून जातो.

आणखी एक. त्याने तुम्हाला एखादी रील पाठवली तर ती हाक आहे असं समजा. त्याच दिवशी उत्तर द्या, नुसता अंगठा नको, एक वाक्य. 'शेवटी मांजर पडलं तिथे दोनदा मागे नेऊन बघितलं.' उलट पाठवायची तर त्याला आवडेल अशी. यशाचं रहस्य आणि परीक्षेची तयारी यांवरच्या रील पाठवल्यात तर तुमच्याकडून येणारं सगळंच तो न बघता सोडायला लागेल.

---

अर्धविराम

एक बाजू राहिली. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आयांना सांगितलं की बाळाशी खेळता खेळता एकदम चेहरा निर्विकार करा आणि दोनेक मिनिटं तसाच ठेवा. बाळं आधी हसून, हात पुढे करून, आवाज काढून आईला परत आणायचा प्रयत्न करत, आणि जमलं नाही की तोंड फिरवत. फोन बघतानाचा आपला चेहरा आरशात बघा. मूल काही दाखवायला येतं तेव्हा 'हं, थांब' म्हणून मान वर न करणं हे त्याच जातीचं. हातातलं काम खरंच सोडता येत नसेल तर मान वर करून सांगा, 'दोन ओळी राहिल्यात, मग ठेवते,' आणि त्या दोन ओळींनंतर खरंच पालथा ठेवा.

---

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं, धाकटीबद्दल. खेळात मेली की ती रडते, आणि बंद करायची वेळ नेमकी तेव्हाच झालेली असते. तेव्हा काय करायचं?

---

निळी शाई

तेव्हा पाच मिनिटं द्याच. मेल्यावर तिच्याजवळचं सगळं सामान मेलेल्या जागी पडतं आणि साधारण ५ मिनिटांनी नाहीसं होतं. ती रडते ते त्या घाईने. 'उद्या बघ' म्हटलं तर तिला ते सामान गेलंच असं वाटतं.

तुम्हीही त्या जगात असाल तर तिच्या आधी तिथे पोचा आणि सामान उचलून घ्या. तुम्ही उचललंत की ते तुमच्याकडे सुरक्षित राहतं. मग तिच्या पेटीत टाका. तुम्ही जगात नसाल तर शेजारी बसून वाट शोधायला मदत करा. बेडरॉकमध्ये 'शो कोऑर्डिनेट्स' सुरू ठेवलं तर पडद्यावर तीन आकडे दिसतात, जावामध्ये एफ-३ दाबून. खोल खाणीत उतरण्याआधी ते आकडे कागदावर लिहायचं काम तुमच्याकडे घ्या.

हे वारंवार होत असेल तर 'कीप इन्व्हेंटरी' सुरू करा, मेल्यावरही सामान जवळच राहतं. बेडरॉकमध्ये ते जगाच्या सेटिंगमध्ये मिळेल. पण ते सुरू करायचं की नाही हे तिला ठरवू द्या. काही मुलांना त्याने खेळातली गंमत गेली असं वाटतं, आणि मग कागदावरचे आकडेच बरे.